पस्तीस नंबरचा भाग

गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास वसुंधरा यंत्राच्या आत गेली आणि तिथून बाहेर बघू लागली. मुद्दाम तिनं काही केलं नव्हतं. सांवेर रोडवरच्या कारखान्यात, वरच्या मजल्यावर, ती नेहमीसारखी कॉम्प्युटरसमोर बसली होती. पडद्यावर कॅलेंडर मशीन उभं होतं, चौतीस भागांचं, राखी रंगाच्या पोकळीत अधांतरी. कापडाला दाबून इस्त्री करणारं हे यंत्र. दोन जड रूळ एकमेकांवर फिरतात आणि त्यांच्यामधून कापड पार होतं. माउसचं चाक तिच्या बोटाखाली जरा जास्त फिरलं. यंत्र तिच्या अंगावर चालून आलं, बाजूची लोखंडी भिंत तिच्या डोळ्यांतून आरपार गेली, काही लागलं नाही, आणि ती दोन रुळांच्या मधे होती. मागे अंधार, समोर एक आडवी, लांबलचक उजेडाची फट. कापड जिथून आत येतं तिथून ती बाहेर बघत होती. पंचवीस-सव्वीस वर्षांत हे यंत्र तिनं समोरून पाहिलं होतं, बाजूनं, वरून. कागदावर तेवढ्याच तीन दिशा असतात. आतून बाहेर कुणी पाहत नाही. आत गेलेल्यानंच पाहिलं असेल, तेही क्षणभर. आणि तिच्या मनात आलं की ही फट मोठी आहे.

शेजारच्या टेबलावरून नीरजनं विचारलं की चेक झालं का. नीरज इथला इंजिनियर, सव्वीस वर्षांचा, पुण्याला शिकून परत आलेला इंदूरचाच मुलगा. बोलण्यात मराठी कमी आणि जिव्हाळा जास्त. तिनं चेक लावला. चौतीस भागांतला कुठला भाग दुसऱ्या कुठल्या भागात घुसतोय का, हे कॉम्प्युटर स्वतःच तपासतो, घुसत असला तर तो भाग लाल होतो. लाल काहीच झालं नाही. कुठेही टक्कर नाही, अशी ओळ आली. नीरज म्हणाला, "बस, ताईजी. मास्टर लॉक. सोमवारी कटिंगला देऊन टाकू." आणि तो खाली चहा सांगायला गेला. ती मात्र फटीतून बाहेर बघत बसली. पडद्याच्या काचेत तिचा स्वतःचा चेहरा होता, चष्म्यासकट, बरोबर त्या उजेडाच्या पट्ट्यात बसलेला.

मास्टर म्हणजे काय हे नीरजनं तिला पहिल्या आठवड्यात समजावलं होतं, आणि तेव्हा तिला ते फार सुंदर वाटलं होतं. आधी एकच रेखाटन करायचं, नुसत्या रेषांचं, जसा माणसाचा सांगाडा. जमीन कुठे, रुळाचा मध्य कुठे, टेबल किती उंच, गार्ड किती उंच. मग प्रत्येक भाग त्या रेषांवरून उपजवायचा. एका भागाला दुसऱ्या भागाची ओळख नसते. सगळे फक्त मास्टरला ओळखतात. एकत्र आणायची वेळ आली की बोल्ट, बेअरिंग, पट्ट्या सगळं आपापल्या जागी येऊन बसतं, हात न लावता, आवाज न करता. ती आधी होती त्या मिलमध्ये असं कुठे होतं. तिथे प्रत्येक नग वेगळा घडायचा, आणि शेवटी फिटर कानस घेऊन त्यांची सोयरीक जमवायचा. सुतभर इकडे, सुतभर तिकडे, इंचाचा आठवा हिस्सा म्हणजे सूत, आणि सगळी मिल सुतावर चालायची. नीरजला तिनं हे सांगितलं तेव्हा तो हसला होता. म्हणाला, आता फिटर भियाला काही कामच नाही उरणार, मास्टर बरोबर तर सब बरोबर. आणि मास्टर चूक असला तर, असं तिनं सहज विचारलं होतं. तो म्हणाला, तर सगळे मिळून चूक होतील ताईजी, पण एकमेकांत फिट बसतील. टक्कर दिसणारच नाही.

टक्कर दिसली नव्हती.

मिलमध्ये ती एक्काहत्तर साली लागली, एकविसाव्या वर्षी, ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून. परदेशीपुऱ्याच्या बाजूच्या फाटकातून आत गेलं की डावीकडे जिना होता. वर एक लांब खोली, उत्तरेकडे खिडक्या, आणि त्या खोलीचे राजे वासुदेवराव, हेड ड्राफ्ट्समन, कानावर पेन्सिल आणि धोतरावर शाईचा एकही डाग नाही. ते पेन्सिलीनं कागदावर काढत. ती त्यावर निळसर मेणचट कापड ताणून शाईनं गिरवायची. ते कापड म्हणजे मोठी मानी वस्तू. पाण्याचा थेंब पडला की डाग, हवा ओली झाली की फुगायचं, कोरडी झाली की आकसायचं. म्हणून खोलीत पाटी लावली होती: माप काढू नये, वाचावे. म्हणजे चित्रावर पट्टी ठेवून मोजायचं नाही, लिहिलेला आकडा वाचायचा. चित्राचं काही खरं नाही, आकडा खरा. वासुदेवराव म्हणायचे, वसू, रेघ माणसासारखी असते, ऋतूप्रमाणे बदलते, आकडा देवासारखा. आणि हसायचे. त्यांचं ते हसणं तिला आजही ऐकू येतं, पंख्याच्या घरघरीत सुद्धा येतं.

त्र्याहत्तरच्या श्रावणात कॅलेंडरवर नवा गार्ड बसवायचं ठरलं. गार्ड म्हणजे रुळांच्या तोंडाशी आडवी लोखंडी पट्टी. तिच्याखालून कापड तेवढं जावं, बोट जाऊ नये, एवढ्यासाठीच ती असते. टेबल आणि गार्ड यांच्यात दोन सुतांची फट, जास्त नाही. वासुदेवरावांनी चित्र काढलं आणि बहिणीच्या आजारपणासाठी बेटम्याला निघून गेले. गार्डची जमिनीपासूनची उंची लिहायची त्यांची राहून गेली होती. वसुंधराच्या हे लक्षात आलं तेव्हा ट्रेसिंग जवळजवळ पुरं झालं होतं. थांबायला हवं होतं, तीन दिवस. किंवा खाली खात्यात जाऊन विचारायला हवं होतं, पण खाली तीनशे पुरुष असत आणि ती पायऱ्या उतरली की सगळे माग एकदम हळू चालल्यासारखे वाटत. तिनं दाराकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं नाही, आणि कापडावर पट्टी ठेवली. एकास आठ प्रमाण. जे आलं त्याला आठानं गुणलं आणि सुबक अक्षरात आकडा लिहिला. बाहेर चार दिवस झड लागलेली होती. कापड हाताला गार आणि जड लागत होतं, झोपलेल्या जनावरासारखं.

पुढच्या वर्षी मालोजीची बोटं गेली. मालोजी कॅलेंडर खात्यातला फिटर, उंच, बोलका, तिला जिन्यात भेटला की "रामराम ड्रॉइंगवाली ताई" म्हणणारा. उजव्या हाताची चार बोटं रुळांत ओढली गेली. ती ऐकून होती की रूळ उलटे फिरवून हात काढायला पाच मिनिटं लागली, आणि त्या पाच मिनिटांत तो ओरडला नाही, फक्त फटीत बघत राहिला. चौकशी झाली. ट्रेसिंग मागवलं गेलं आणि तीच ते घेऊन गेली, गुंडाळी छातीशी धरून. साहेबांनी गार्डची उंची मोजवली. जमिनीपासून बरोबर आकड्याइतकी, दोरा इकडेतिकडे नाही. मग सगळ्यांनी चित्र पाहिलं. चित्रात गार्ड आणि टेबल जवळजवळ चिकटलेले. साहेब म्हणाले की ड्रॉइंगप्रमाणे हात जायला जागाच नाही, याने काहीतरी बेपर्वाई केली असणार. वासुदेवरावांनी मान डोलावली. तिला कुणी काही विचारलं नाही. तिच्या अक्षरातला तो आकडा टेबलावर सगळ्यांच्या मधे पडून होता आणि ती खिडकीशी उभी होती.

त्या पौषात, एका कोरड्या कडक थंडीच्या दुपारी, खोलीत कुणी नसताना तिनं ते कापड परत काढलं आणि पट्टी लावली. अर्धं सूत कमी भरलं. अर्धं सूत म्हणजे काय, पेन्सिलीच्या टोकाएवढं. तिनं गुंडाळी करून फडताळात ठेवली. त्यानंतर लग्न राहिलं, आई गेली, वासुदेवराव गेले, ब्याण्णव साली मिलचा भोंगा बंद झाला आणि पाटणीपुऱ्यातली घड्याळं महिनाभर चुकत राहिली. नंतर शिकवण्या, मग वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कॉम्प्युटरचा क्लास आणि ही नोकरी. एवढ्या वर्षांत त्या अर्ध्या सुताला तिनं आठानं कधी गुणलं नव्हतं. ज्या बाईनं आयुष्यभर दुसरं काही केलं नाही, तिनं तेवढा एक गुणाकार केला नव्हता.

नीरजच्या मालकांनी मिलच्या जुन्या ड्रॉइंगांचे गठ्ठे रद्दीत उचलले होते. बऱ्हाणपूरकडच्या नव्या कापड कारखान्यांना छोटी कॅलेंडर मशीनं हवी होती, पहिली सहा. गठ्ठ्यात स्वतःचं अक्षर दिसलं तेव्हा तिला आनंदच झाला, माहेरचं कुणी भेटल्यासारखा. ती आकडे वाचत गेली आणि मास्टरमध्ये भरत गेली. माप काढू नये, वाचावे. कॉम्प्युटर चित्र बघतच नव्हता. आकडा जसा असेल तसं उभं राहत होतं. कापडानं जे झाकलं होतं ते आकड्यानं उघडं केलं.

शुक्रवारी ती लवकर आली. खालच्या शॉपमधून व्हर्निअर मागून आणला आणि स्वतःचीच चार बोटं मोजली, एकेक करून, जणू दुसऱ्या कुणाची. मग पुरुषाच्या हातासाठी थोडं वाढवून, पाच सुतांच्या चार कांबी काढल्या, एकमेकींना चिकटून, पुढून गोल केलेल्या. फाइलला नाव मागितलं तेव्हा तिनं लिहिलं, हात. भाग पडद्यावर आला तो यंत्रापासून दूर, पोकळीत तरंगत. ज्याला कशाशी बांधलं नाही तो भाग मोकळा असतो, माउसनं धरून कुठेही नेता येतो. तिनं तो टेबलाच्या पातळीला बसवला, पालथा, आणि पुढे सरकवू लागली. कांबी फटीशी आल्या. आत गेल्या. वर एक सूत जागा शिल्लक राहिली. ती सरकवत राहिली, रुळांना टेकेपर्यंत. तिच्या स्वतःच्या उजव्या हाताची बोटं माउसवर गार पडली होती. तिनं चेक लावला. कुठेही टक्कर नाही, अशी ओळ आली. तीच ओळ, तेच अक्षर. यंत्राला काहीही वाटलं नव्हतं.

तेव्हा तिनं आठानं गुणलं. चार सूत. दोनाची फट सहाची झाली होती.

करायचं ते सोपं होतं. मास्टरमध्ये जाऊन एक आकडा बदलायचा. कुणाला कळलं नसतं. नीरजला आकड्याचं कारण माहीत नव्हतं, कापडं रद्दीत जाणार होती, वासुदेवराव नव्हते. सहाही मशीनं नीट झाली असती. आणि आपण काय केलं होतं हे सांगायचं तर या वयात ही खुर्चीही जाईल, असं तिला वाटलं. एक नोकरी तिच्या पायाखालून अख्ख्या मिलसकट गेलीच होती. तिनं आकडा बदलला. चार सेकंद पडदा थिजला, मग सगळं हललं. गार्ड खाली आला, त्याचे ब्रॅकेट, बोल्ट, दांडे, सगळे त्याच्याबरोबर निमूट खाली आले. सव्वीस वर्षं चार सेकंदांत सरळ झाली. फक्त हात तिथेच होता. गार्ड त्याच्यातून आरपार उतरला, कुठेही अडला नाही, कच्च आवाज नाही, आणि चेक लावताच चारही कांबी मधोमध लाल झाल्या. ती उठून उभी राहिली. मग तिनं आकडा पहिला होता तसा करून ठेवला, आणि गार्ड बोटांतून पुन्हा वर गेला, काहीच न झाल्यासारखा. त्या दिवशी टेम्पोत बसून घरी जाताना शेजारच्या बाईनं तिला विचारलं की हाताला काही लागलंय का. उजवा हात तिनं पदरात गुंडाळून धरला होता.

रविवारी सकाळी ती मिलमध्ये गेली. गणपती बसले होते. मिल बंद पडून सात वर्षं झाली तरी अनंत चतुर्दशीची झांकी, म्हणजे चित्ररथ, मिलवाले काढतातच, वर्गणी काढून, त्याच आवारात, त्याच छपराखाली. फाटक ओळखीचं होतं, जिना पडला होता. छपराखाली लाकूड, तारा, रंगाचे डबे, आणि मधे बळीराजाचा सात फुटी पुतळा, बिनडोक्याचा अजून. त्याचा दान सोडणारा हात मोटरवर खाली-वर होत होता. हाताखाली बसून एक म्हातारा डाव्या हातानं नट आवळत होता. उजव्याचा अंगठा पान्याला टेकवलेला. तिनं बोलायच्या आतच तो म्हणाला, "रामराम, ड्रॉइंगवाली ताई. चाल तीच आहे तुमची." मग एक पोतं झटकून बसायला दिलं आणि मिलमधले कोण गेले, कोण राऊला मुलाकडे राहायला गेले, याची खबर द्यायला लागला. ती ऐकत होती. डोक्यावर तो लाकडी हात खाली-वर होत होता.

"मालोजीराव, गार्डची उंची मी लिहिली होती," ती म्हणाली. "ओल्या कापडावरून मोजून. वासुदेवरावांनी लिहिली नव्हती."

तो नट आवळत राहिला. मग न बघता विचारलं, "किती?"

"चार सूत जास्त."

"चार," तो म्हणाला, आणि मान हलवली, एखाद्या कामगाराचं माप बरोबर निघाल्यावर फिटर हलवतो तशी. "चला. दाखवतो एक चीज."

कॅलेंडर खात्याचं दार ढकलून उघडावं लागलं. आत छपराच्या काचांतून पांढरा उजेड पडत होता आणि त्यात ते उभं होतं, धुळीनं राखी झालेलं, हुबेहूब पडद्यावरच्या रंगाचं. क्षणभर तिला वाटलं की आता ते आपल्या अंगावर चालून येईल आणि आपण आत असू. मालोजीनं गार्डखाली अंगठा फिरवला. लोखंडाच्या खालच्या कडेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सागाची एक पट्टी बोल्टनं बसवली होती, तेलानं काळी झालेली. बरा होऊन ड्यूटीवर आल्यावर पहिलं काम हेच केलं, असं त्यानं सांगितलं. बसवताना फट जास्त आहे हे त्याला आधीच दिसलं होतं, वासुदेवरावांना बोललाही होता. त्यांनी आकडा दाखवला होता. मग परत आल्यावर माप विचारणार कुणाला. त्यानं बिनबोटांचा पंजा फटीसमोर धरला. "हा होता ना. मागून एक जण पट्टी रंधत होता, मी हा घालून बघत होतो. जिथे जाईना, तिथे आणून ठेवली."

तिनं पर्समधून मोजपट्टी काढली. सागाची जाडी चार सूत होती. केसभर कमी नाही, केसभर जास्त नाही. पंचवीस वर्षं ते बरोबर माप इथे लागलेलं होतं, कुठल्याही कागदात नसलेलं.

परत उजेडात आल्यावर तो म्हणाला, "बोटाचं दुःख नाही राहिलं, ताई. आदत झाली. एकच बात लागून राहिली. साहेब म्हणाले, कागदात हात जायला जागाच नाही. आता मला सांगा, तर मग गेला तो हात कुणाचा होता?" त्याला उत्तर नको होतं असं तिला वाटलं. जाताना त्यानं एवढंच विचारलं की नव्या मशीनवर लाकूड कोण लावणार. आणि वळून बळीराजाची मोटर बंद केली. हात अर्ध्यावर थांबला.

सोमवारी ती आठलाच कारखान्यात पोचली. आकडा बदलला. चार सेकंद पडदा थिजला, गार्ड उतरला, कांबी लाल झाल्या. मग कोपऱ्यातल्या चौकटीत, जिथे बदलाची तारीख आणि कारण लिहितात, तिथे तिनं लिहिलं: मूळ आकडा ट्रेसरची चूक, वसुंधरा, बरोबर माप फिटर मालोजी यांचे. हात तिनं काढला नाही. त्याचं नाव बदललं आणि फाइल जतन केली. यादी कॉम्प्युटर स्वतःच करतो. असेंब्लीत जे जे आहे ते ते यादीत येतं, त्याला काही लपवता येत नाही.

दहाच्या सुमारास नीरज वर आला, हातात छापलेली यादी. खाली फिटर विचारत होता म्हणे. "ताईजी, हे पस्तीस नंबर काय आहे? 'हात, मालोजी, नग एक.' मटेरियल का कॉलम कोरा आहे. तो बोलतोय, इसको बिठाना कहाँ है?"

तिनं त्याला बसायला सांगितलं आणि सगळं सांगितलं, श्रावणापासून. ती बोलत असताना त्यानं यादीची घडी घातली, उलगडली, परत घातली. शेवटी तो हळू आवाजात म्हणाला की आकडा गुपचूप बदलला असता तर कुणाला कळलं असतं. कुणालाच नाही, ती म्हणाली. वरती सरांना सांगावं लागेल, तो म्हणाला. सांग, ती म्हणाली. तो पडद्याकडे वळला. राखी यंत्राच्या तोंडात चार लाल कांबी होत्या. त्यानं माउसवर हात ठेवला, तिच्या हाताच्या उबेवर, आणि विचारलं, "मग हा आता डिलीट करू?"

"नको," वसुंधरा म्हणाली. "खाली सांग, लाकडाचा बनवून ठेवा, खरा. बसवायचा नाहीये तो. प्रत्येक मशीन फाटकाबाहेर जायच्या आधी आत घालून बघायचा. गेला, तर मशीन जाणार नाही."